एका ताटात

लखनौत मराठी माणसं मुळातच मूठभर, पण त्यांची मंडळं मात्र दोन. एक हजरतगंजचं, दुसरं चिनहटचं. का फुटली, हे विचारलं की जुनी मंडळी विषय बदलतात. गेल्या वर्षी दोन्हीकडे आरतीला माणसं पुरेनात. हजरतगंजचा गणपती तर ऑटोवाल्या भैयांनी हात लावला तेव्हा कुठे विसर्जनाला निघाला. म्हणून बँकेतल्या नयनाताईंनी यंदा शक्कल लढवली. त्यांनी आपल्या हजरतगंज मंडळाच्या अध्यक्षांचं व्याख्यान ठेवलं आणि चिनहटवाल्यांना मुद्दाम आमंत्रण धाडलं.

अध्यक्ष डॉ. सत्यजित केळुसकर विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतात. तासभर त्यांनी सिद्धान्त उलगडून दाखवला. देशांचे व्यवहार एकमेकांत असे काही गुंतलेत, की येत्या दहा वर्षांत हाडवैरीसुद्धा एका ताटात जेवतील. "वैर आता कुणालाच परवडणार नाही. इतिहास विसरा, गरज ओळखा!" चिनहटवाल्यांनीही टाळ्यांचा कडकडाट केला.

नयनाताईंना अगदी भरून आलं. चहाच्या वेळी त्यांनी सरांना गाठलंच. "सर, मग यंदा दोन्ही मंडळांचा मिळून एकच गणपती बसवू या ना?"

सरांनी चष्मा काढला, चिनहटवाल्यांच्या घोळक्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

 

"सिद्धान्ताचं ठीक आहे हो, नयनाताई. पण ते लोक मोदक तळतात!"