पहिली फवारणी

केदारखेड्याच्या मोनालीनं ड्रोन पायलटचं प्रशिक्षण पूर्ण केलं. शेवटच्या चाचणीनंतर सर म्हणाले, “नजर पक्की आहे आणि हात जरासुद्धा हलत नाही. असा हात शंभरात एखादीचा असतो, ताई.”

बचत गटाच्या ड्रोननं गावात पहिली फवारणी होती. कपाशीच्या बांधावर बरीच माणसं जमली. नवऱ्यानं, भागवतनं, तिच्या हातून रिमोट काढून घेतला.

“चार लोकांत बाईनं उडवलेलं बरं दिसत न्हाई. तू औषध कालव.”

ती बादलीपाशी जाऊन बसली. पाचच मिनिटांत ड्रोन विजेच्या तारांवर आदळला आणि जळून खाली पडला.

दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब आले, तेव्हा भागवतनं तिला पुढं केलं.



“पायलट हीच हाय, साहेब. लायसन हिच्याच नावावर हाय.”