बुटकी झुडपं

"कुंपणाची सगळीच झुडपं छाटा, मास्तर. कमरेएवढीच ठेवा. आणि कळी दिसली की काढायचीच," शेजारीण म्हणाली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, नाहीतर ती कशाला येतेय विनवण्या करायला!

मास्तरांनी कपाळावर हात मारला. उभा जन्म बागकाम शिकवण्यात गेला, आणि आता ही बया त्यांना अक्कल शिकवणार.

"अहो वहिनी, या झुडपांना जुन्या फांदीवर कळ्या धरतात, त्याही थंडीच्या आधी. छाटायचं ते बहर सरल्यावर. आत्ता कात्री लावली तर फुलं यायची कुठून?"

"नकोच यायला. घरमालक झुडपं काढू देत नाहीत, नाहीतर मुळासकट उपटली असती. ऐका ना, आमच्या ह्यांना—"

"मला शिकवू नका. होईल काम."

ती निघाली. जाता जाता "नक्की ना?" एवढं मात्र पुन्हा विचारून गेली.

काय एकेक ध्यान! बाई दर थंडीत चांगल्या झुडपांची हजामत करायची. नवरा तर तिच्याही वरताण. एवढा धिप्पाड गडी, पण ऊन चढायला लागलं की घरात पडदे ओढून दडी मारायचा. बाहेर पडलाच तर अंगभर कपडे आणि गाडीच्या काचा बंद. मास्तर त्याला 'नवरी' म्हणायचे.

मास्तरांनी नुसते शेंडे खुडले, वाळक्या फांद्या काढल्या, झुडपं गोल गरगरीत केली. पानांआडच्या कळ्यांना हात लावला नाही. शेजारणीने लांबूनच बघून समाधानाने मान डोलावली. तिला काय कळतंय, डोंबल!

थंडी सरली. शेजारीण चार दिवस बहिणीकडे गेली आणि इकडे बहर असा फुटला की पान दिसेना. सगळं कुंपण गुणगुणत होतं. मास्तरांना तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बाईचं तोंड कसं पडतं ते बघायचंच होतं त्यांना.

ती परतायच्या दिवशी त्यांनी फुलांचा भरगच्च गुच्छ कापला आणि शेजारची बेल दाबली. नवरीने बनियनवरच दार उघडलं.

"घ्या! बघा जरा, फुलं कशाला म्हणतात!" मास्तरांनी गुच्छ त्याच्या हातात कोंबला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. फुलं खाली पडली. तो मनगट धरून मटकन उंबऱ्यावरच बसला.

फाटकाशी शेजारणीच्या हातातली पिशवी गळून पडली. ती धावत आली, मास्तरांना ढकलून आत औषधांच्या कपाटाकडे झेपावली.

"कळ्या काढा म्हणाले होते ना मी!" ती आतून किंचाळली. "एक मधमाशी चावली तरी ह्यांचा श्वास बंद होतो हो!"