काचेतली कुबडी

"तेवढी कुबडी परत द्या, फादर. पोरीचे पाय पुन्हा गेले," पाठुंगळी घेतलेल्या लेकीला सावरत काच रंगवणारा कारागीर म्हणाला.

संताच्या कबरीवर ती कुबडी टांगलेली होती. गेल्या ईस्टरला लेक इथे चार पावलं आधाराविना चालली, तेव्हा 'चमत्कार!' अशी पहिली आरोळी त्यानेच ठोकली होती. रिवाजाप्रमाणे कुबडी संताला वाहिली. मग चर्चच्या खिडकीत, रंगीत काचेवर, तोच प्रसंग त्याने जीव ओतून रंगवला.

"लांबलांबचे आजारी ही कुबडी बघून धीर धरतात," फादर म्हणाले. "त्यांना काय सांगू? आणि नवीही करू नकोस. लोक बघतात."

"मग खिडकीतली पोर तरी पुसतो."

"भट्टीत भाजलेला रंग पुसला जात नाही, हे तूच सांगितलंस ना?"

तो लेकीला घेऊन निघाला. दाराशी एक बाई लुळ्या लेकराला कडेवर घेऊन खिडकीकडे टक लावून उभी होती.

"दादा, ही पोर खरंच बरी झाली?"

तो तोंड उघडणार, तोच त्याच्या गळ्याभोवतीचे हात आवळले.

"हो, मावशी," लेक म्हणाली. "आता तर ती पळतेसुद्धा."