वेटिंग लिस्ट

पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून ऋजुता नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा गावी आली होती, पीएचडीसाठी केळीच्या बागेतली माती न्यायला. ती खुरपं घेऊन खाली बसली, तेव्हा बागमालकांच्या सुनेला, रंजिताला, राहवलं नाही.

"त्या ओळीतली घेऊ नका. परवाच बुरशीनाशक सोडलंय, सूक्ष्मजीवांचा आकडा चुकीचा येईल."

ऋजुता बघतच राहिली. "ताई, तुमचं शिक्षण काय झालंय?"

"एम्मेस्सी शे ती," बांधावरून सासूबाई, धनुबाई, परस्पर बोलल्या. "पन आते तेन्हं काय? रंजिता, पाव्हनीले च्या आन."

कप पुढे करताना रंजिताने हळूच विचारलं, "पीएचडीला तुमचा नंबर कधी लागला?"

"तीन वर्षं झाली. नशीबच म्हणायचं! सूक्ष्मजीवशास्त्राची एकच जागा होती आणि मी वेटिंग लिस्टवर होते. निवड झालेली मुलगी तुमच्या नंदुरबारकडचीच. शेवटच्या तारखेला सरांनी दिवसभर तिला फोन लावले, तिने एकदाही उचलला नाही. मग मला बोलावलं." ऋजुताने चहाचा घोट घेतला. "अशी संधी कुणी सोडतं का हो?"

रंजिताने एकदा बांधाकडे पाहिलं. सासूबाई पाठमोऱ्या होत्या.



"तिला त्या दिवशी हळद लागत होती, ताई. फोन तिच्या वडिलांच्या खिशात होता."