सुनेचा कंपायलर

"आबा, पासवर्ड टाकता का?" रेवतीनं विचारलं, तेव्हाच निवृत्त हवालदार यशवंत घोरपडे सावध झाले. लिनक्सवाला कॉम्प्युटर त्यांचा होता, त्यावर काही नवं बसवायला त्यांचाच पासवर्ड लागायचा, आणि आता त्यावर सुनेनं कसलीशी काळी खिडकी उघडली होती.

"कशाला हवाय?"

"कंपायलर बसवायचाय. मी लिहिलेला प्रोग्राम तो मशीनला कळेल असा करून देतो."

आबांनी शेजारी खुर्ची ओढून ठाण मांडलं. हिनं हे काम नेमकं त्यांचा मुलगा मंदार ऑफिसला गेल्यावर काढलं होतं. मघाशी दारावरची बेल वाजली, तेव्हा केवढी दचकली होती!

"मंदारला माहीत आहे?"

रेवतीची बोटं थांबली. "नाही. परवा नोकरीची परीक्षा आहे, घरूनच द्यायची. लग्नाआधी मी हेच काम करायचे. यांना विचारलं, तर म्हणाले, घरात काय कमी आहे?"

चोरी तर पकडली होती. पण हिनं कुणाचं काय नेलं, ते आबांना काही सापडेना. मग कीबोर्ड पुढे ओढून त्यांनी एका बोटानं पासवर्ड टाकला. पडद्यावर अक्षरं सरसर धावू लागली. थोड्या वेळानं तिचा पहिला प्रोग्राम चालला आणि रेवती मोठ्यानं हसली. या घरात तिला असं हसताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी मंदारनं विचारलं, "आज कॉम्प्युटरवर कोण बसलं होतं?"

"मी," आबा म्हणाले. "आणि परवा दिवसभर मलाच लागणार आहे."

"तुम्हाला? कशाला?"

मंदार संशयानं बघत राहिला, आणि हवालदारांनी जन्मात पहिल्यांदा नजर चुकवली.