शिमला, जानेवारीत

"जानेवारीत रस्ते बंद पडतात," असं म्हणून हिंदुरावांनी वहीच्या उजव्या पानावर आणखी एक ओळ लिहिली. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. समोर रियाजभाई मोबाइल हातात धरून बसले होते. ते पूर्वी हिंदुरावांच्याच कंपनीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी चिंचवडला सहलींच्या बुकिंगचं दुकान टाकलं होतं. शिमल्यापायी आकुर्डीच्या या घरी येण्याची त्यांची ही चौथी खेप.

"नाही पडत, भाऊ. बर्फ साचला की मशिननं काढतात. हॉटेल निम्म्या भाड्यात मिळतं. गर्दी नाही, गोंधळ नाही."

"गर्दी नाही, हे खरं." हिंदुराव डाव्या पानावर आले. "मे महिन्यात जायचं म्हणजे चाकण चौकातली कोंडी पैसे देऊन डोंगरावर बघायची." मग पेन थबकलं. "पण धुक्यानं विमान रखडलं तर? आणि साडेपाचलाच अंधारायला लागतं. अंधारात काय बघायचं, खोलीतला हीटर?"

स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांना हसू आलं. चाकणच्या कंपनीत त्यांनी निवृत्तीपर्यंत अठ्ठावीस वर्षं क्वालिटी खात्यात काढली होती. पार्ट समोर आला की दहा सेकंदांत निकाल. पास किंवा रिजेक्ट. ज्याचं ठरत नाही त्याच्यासाठी 'होल्ड'चा पिवळा ट्रे असायचा, आणि त्यात दोन दिवस काही पडून राहिलं की हिंदुराव अख्ख्या शिफ्टवर डाफरायचे. शिमला मात्र अकरा वर्षं होल्डमध्ये पडून होतं. पार्ट असता तर एव्हाना गंजून गेला असता.

गंमत म्हणजे या विषयात त्यांच्याइतका जाणकार कंपनीत दुसरा नव्हता. हिवाळ्यात कुठल्या बाजूच्या खोलीत ऊन येतं, बूट भाड्यानं घ्यावेत की विकत, सगळं पाठ. त्यांच्याच सल्ल्यानं खात्यातला हाताखालचा पोरगा नवनाथ लग्नानंतर फेब्रुवारीत जाऊन आला आणि येताना अक्रोडाची पिशवी घेऊन आला. "सर, तुम्ही सांगितलं तस्संच होतं," म्हणाला. सरांनी मान डोलावली आणि मुकाट्यानं अक्रोड फोडले.

सावित्रीबाईंनी कधी टोमणा मारला नाही, तेच हिंदुरावांना जास्त लागायचं. पोरांची शिक्षणं, फ्लॅट, ओव्हरटाइम यांत बायकोची एवढी एक हौस राहून गेली. म्हणून दर हिवाळ्यात वही निघायची. आणि दर उन्हाळ्यात ती परत कपाटात जायची.

"आज एक काय ते सांगा," रियाजभाई म्हणाले. "हो किंवा नाही. तुमचे तीन जिने चढून माझ्या गुडघ्यांनी कधीच शिमला गाठलंय."

हिंदुरावांनी वहीकडे पाहिलं. दोन्ही पानं गच्च भरली होती. त्यांनी वही मिटली.

"करा बुक."

आवाज जरा चिरकला, पण शब्द बाहेर पडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"थांबा." सावित्रीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "मला न्हाई जायचं."

रियाजभाईंचं बोट मोबाइलवरच थांबलं.

"अगं, पण बर्फ..."

"मला थंडी सोसत न्हाई. लोणावळ्याला गेलो तर दोन दिवस शिंकत होते. तुमाला हौस, म्हणून गप्प बसले."

"मला हौस?" हिंदुराव उठून उभे राहिले. "तुझ्या भाच्याच्या, गणराजच्या लग्नात तूच म्हणालीस ना, बर्फ बघायचाय म्हणून?"

"मी म्हनले, कुठंतरी घिऊन चला. बर्फ तुमी काढला."

रियाजभाईंनी मोबाइल खिशात टाकला आणि पोट धरून हसले. हिंदुरावही हसले, पण उशिरा. कुणी न मागितलेला माल आपण अकरा वर्षं तपासत बसलो होतो.

"मग तुला जायचं तरी कुठं होतं?"

सावित्रीबाईंनी पदर सारखा केला. "हसाल तुमी."

"नाही हसत."

"तुमची कंपनी बघायची होती. आतनं."

तिथं काय बघायचंय, धूळ, ट्रक, खड्डे... हिंदुरावांच्या ओठांवर तोटे रांगेनं येऊन उभे राहिले. त्यांनी जीभ चावली. "रियाजभाई," ते म्हणाले, "नवनाथला फोन लावा."

नवनाथ आता सुपरवायझर होता. कंपनीला गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यानं त्या दिवसाचा पास काढून ठेवला. गेटवर सावित्रीबाईंना पिवळं हेल्मेट मिळालं. ते अंबाड्यावर नीट बसेना, तरी त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बंद मशिनांमधून त्या देवळात चालावं तशा हळू चालत होत्या. क्वालिटीच्या टेबलाशी थांबल्या.

"खुर्ची?"

"खुर्ची नसते. उभ्यानंच."

"अठ्ठावीस वर्षं?"

हिंदुरावांनी मान हलवली. हे आपण घरी कधी बोललोच नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

कॅन्टीन रिकामं होतं. कोपऱ्यातलं, खिडकीजवळचं टेबल त्यांनी दाखवलं. सावित्रीबाई तिथं बसल्या. बराच वेळ त्यांनी स्टीलच्या टेबलावरून तळहात फिरवला.

"रोज पहाटे उठून डबा भरला," त्या म्हणाल्या. "कुठं पाठवत होते, ते आज कळलं."