डफळे सरांचा नंबर

धनश्रीने खोक्यातून पहिली जर्सी काढली, तिच्यावर सात नंबर. दुसरीवरही सात. तिने खोकं उपडंच केलं. सगळ्यांवर सात!

"डफळे सर, हे काय?"

डफळे सर म्हणजे एकेकाळचे महाराष्ट्राच्या बास्केटबॉल संघाचे स्टार आणि सध्या आमच्या मुलींच्या संघाचे मॅनेजर. मागच्या स्पर्धेला त्यांनी आम्हाला भलत्याच गावात उतरवलं होतं. "अगं, जर्सीवाल्याने फोनवर नंबर विचारला," ते कान खाजवत म्हणाले, "तोंडातून माझाच गेला."

आम्ही पोट धरधरून हसलो. पंच मात्र हसेनात. "प्रत्येकीचा नंबर वेगळा हवा, नाहीतर फायनल विसरा." मग सरांनी चिकटपट्टी फाडून प्रत्येकीच्या सातापुढे एकेक आकडा चिकटवला.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो आणि घामाने सगळ्या पट्ट्या गळून पडल्या होत्या. चेंडू धनश्रीच्या हाती आला तशी अख्खी गॅलरी ओरडायला लागली, "सात! सात!"

ते कानावर पडलं मात्र, सर खुर्चीवरून उठले ते थेट कोर्टात. पोट हलतंय, बूट वाजताहेत, हात वर! "पास दे!" आणि त्या वेडीने दिला. सरांनी उडी मारली. चेंडू जाळीतून अलगद खाली आला.

बास्केट अर्थातच धरली नाही. फायनल गेली, पण दोन्ही संघांच्या पोरी उड्या मारत होत्या. पंचांनी फाउल लिहायला पेन काढलं आणि हसू दाबत विचारलं, "नंबर?"

आम्ही सगळ्या एका सुरात ओरडलो, "सात!"